आधी वही, मग बाजार: खर्चाच्या आणि होमग्रोनच्या नियमांत राहून मोठा फुटबॉल संघ नव्याने कसा बांधावा

१ सप्टेंबर २०२५ रोजी भारतीय वेळेनुसार रात्री साडेअकराला इंग्लंडची ट्रान्स्फर विंडो, म्हणजे खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची मुदत, बंद झाली. लिव्हरपूलने त्या दिवशी न्यूकॅसलचा अलेक्झांडर इसाक सुमारे साडेबारा कोटी पौंडांना घेतला, आणि त्याच दिवशी क्रिस्टल पॅलेसचा बचावपटू मार्क गेही जवळजवळ हातात आलेला असताना पॅलेसने ऐनवेळी सौदा मोडला. पुढे काही दिवसांतच चॅम्पियन्स लीगसाठी दिलेली यादी जाहीर झाली आणि तिच्यात इटलीचा आघाडीपटू फेडेरिको किएझा याचे नाव नव्हते. तो तंदुरुस्त होता, संघातही होता. त्याच्यासाठी जागा नव्हती. जो क्लब एका उन्हाळ्यात चाळीस कोटी पौंडांहून अधिक खर्च करतो, त्याला एका खेळाडूची जागा कशी मिळत नाही, हा प्रश्न अनेक नव्या प्रेक्षकांना पडला, आणि तोच या लेखाचे निमित्त आहे.

प्रीमियर लीग नियमित पाहणाऱ्या, पण नियमांच्या वाटेला न गेलेल्या वाचकासाठी हा लेख आहे. आपण स्वतःला एखाद्या मोठ्या इंग्लिश क्लबच्या क्रीडा संचालकाच्या खुर्चीत बसवू आणि संघ नव्याने बांधायला घेऊ. त्यासाठी एक वही आणि पेन्सिल पुरेशी आहे. पेनाने लिहू नका, कारण खोडाखोड भरपूर होणार आहे.

पहिले पान: जागा मोजा

बहुतेक लोक सुरुवात बाजारातून करतात: कोणता स्ट्रायकर घ्यावा, कोणता मिडफिल्डर परवडेल. माझ्या मते सुरुवात जागांपासून करावी, कारण पैसा उभा करता येतो, जागा उभी करता येत नाही.

प्रीमियर लीगमध्ये प्रत्येक क्लब जास्तीत जास्त २५ खेळाडूंची यादी देतो. त्यांतील १७ पेक्षा अधिक खेळाडू 'होमग्रोन' नसलेले असू शकत नाहीत. हा नियम २०१०-११ च्या हंगामापासून लागू आहे. तो नीट वाचला, तर आठ होमग्रोन खेळाडू ठेवण्याची सक्ती त्यात नाही, हे लक्षात येईल. तुमच्याकडे सहाच असतील तर यादी २३ जणांची होते, इतकेच. म्हणजे दंड पैशांत भरायचा नसून रिकाम्या खुर्च्यांत भरायचा असतो. २१ वर्षांखालील खेळाडूंना मात्र या यादीत नाव देण्याची गरज नसते. ते कितीही असले तरी चालतात. वयाची गणना जन्मवर्षावरून होते: २०२५-२६ च्या हंगामासाठी १ जानेवारी २००४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेला खेळाडू या सवलतीत बसला.

आता 'होमग्रोन' म्हणजे काय, हे पाहू. येथे मी स्वतः पहिल्यांदा सपशेल चुकलो होतो. माझ्या वहीत लिव्हरपूलचा डावा बचावपटू अँडी रॉबर्टसन मी निःशंकपणे होमग्रोनच्या रकान्यात लिहिला होता, कारण तो ब्रिटिश आहे. नियमाला राष्ट्रीयत्वाशी काहीच देणेघेणे नाही. एकविसाव्या वाढदिवसापूर्वी, किंवा ज्या हंगामात एकविसावे वर्ष पूर्ण होते तो हंगाम संपेपर्यंत, खेळाडूची नोंदणी इंग्लंडच्या किंवा वेल्सच्या फुटबॉल संघटनेशी संलग्न क्लबमध्ये तीन हंगाम किंवा ३६ महिने असली पाहिजे. ते महिने सलग असण्याचीही अट नाही. रॉबर्टसन वाढला स्कॉटलंडमध्ये आणि वयाच्या विसाव्या वर्षी, २०१४ मध्ये, हल सिटीत आला. म्हणून तो होमग्रोन नाही. याउलट जेरेमी फ्रिम्पाँग नेदरलँड्सकडून खेळतो, पण त्याचे बालपण मँचेस्टर सिटीच्या अकादमीत गेले असल्यामुळे तो होमग्रोन ठरतो. सोळाव्या वर्षी बार्सिलोनाहून आर्सेनलमध्ये आलेला सेस्क फाब्रेगास होमग्रोन होता, आणि लिस्बनच्या स्पोर्टिंगमध्ये घडलेला एरिक डायर इंग्लंडचा राष्ट्रीय खेळाडू असूनही होमग्रोन नव्हता. तेव्हा पहिल्या रकान्यात देश लिहू नका. पंधरा ते एकवीस या वयात मुलगा कोठे होता, ते लिहा.

फाब्रेगासची वाट आता बंद झाली आहे. ब्रेक्झिटनंतर, जानेवारी २०२१ पासून, इंग्लिश क्लबांना अठरा वर्षांखालील परदेशी खेळाडू आणता येत नाही. याचा अर्थ परदेशातून आणलेल्या मुलाला होमग्रोन होण्यासाठी जेमतेम तीन हंगामांची फट उरते. इटलीचा जोव्हानी लिओनी डिसेंबर २००६ चा. तो ऑगस्ट २०२५ मध्ये अठराव्या वर्षी पार्माहून लिव्हरपूलला आला. २०२५-२६, २०२६-२७ आणि २०२७-२८ हे तीन हंगाम त्याची नोंदणी इंग्लंडमध्ये राहिली, तर एकविसाव्या वर्षाचा हंगाम संपताना तो प्रीमियर लीगच्या हिशेबात होमग्रोन होतो. तोच मुलगा एका वर्षाने, एकोणिसाव्या वर्षी आला असता, तर कारकीर्दभर परदेशी जागा अडवून बसला असता. मोठे क्लब अठरा वर्षांच्या मुलांवर अव्वाच्या सव्वा पैसे का ओततात, याचे एक उत्तर या कॅलेंडरमध्ये आहे.

युरोपची यादी वेगळी असते

क्लब युरोपीय स्पर्धेत असेल तर दुसरे पान उघडा, कारण युएफाची, म्हणजे युरोपीय फुटबॉल संघटनेची, यादी अधिक काटेकोर आहे. तेथेही 'अ' यादीत २५ जागा, आणि त्यांतील आठ जागा स्थानिक पातळीवर घडलेल्या खेळाडूंसाठी राखीव. पण या आठांपैकी किमान चार जण त्याच क्लबने घडवलेले हवेत, म्हणजे पंधरा ते एकवीस या वयात तीन हंगाम किंवा ३६ महिने तुमच्याच क्लबात नोंदलेले. उरलेले चार देशातील कोणत्याही क्लबने घडवलेले चालतात. चेल्सीचा कोल पामर हा मँचेस्टर सिटीत घडला. प्रीमियर लीगमध्ये तो सरळ होमग्रोन आहे, पण युएफाच्या यादीत तो चेल्सीने घडवलेल्या चारांमध्ये कधीच बसणार नाही. या चार खुर्च्या पैसे देऊन भरता येत नाहीत. फार तर आपलाच जुना मुलगा परत आणता येतो: मँचेस्टर युनायटेडने २०२१ मध्ये गोलरक्षक टॉम हीटनला परत आणले, तो त्यांच्याच अकादमीतला होता. तिसरा गोलरक्षक हा असा 'घरचा' असणे ही मोठ्या क्लबांची जुनी युक्ती आहे. त्याला फारसे खेळावे लागत नाही आणि खुर्ची भरते.

तरुणांची सवलतही युएफाकडे कडक आहे. तरुणांच्या 'ब' यादीत नाव जाण्यासाठी मुलगा नुसता लहान असून भागत नाही. पंधराव्या वर्षानंतर तो सलग दोन वर्षे तुमच्या क्लबात असावा लागतो. म्हणून लिओनीसारखा नवा आलेला अठरा वर्षांचा मुलगा इंग्लंडमध्ये यादीबाहेर राहून खेळू शकतो, पण चॅम्पियन्स लीगमध्ये त्याला 'अ' यादीतली एक मोलाची परदेशी जागा द्यावी लागते. एकच खेळाडू एका पानावर फुकट आणि दुसऱ्या पानावर महाग असतो. किएझासारख्याला बाहेर का बसावे लागते, याचा उलगडा अशा जागा एकेक करून मोजल्यावर होतो.

तेव्हा प्रत्येक नावापुढे चार खुणा करा: होमग्रोन की नाही, क्लबने घडवलेला की नाही, २१ खाली की वर, आणि करार कोणत्या वर्षी संपतो. चौथा रकाना पुढे फार उपयोगी पडणार आहे.

पैशांचे पान: किंमत आणि हप्ता यांत फरक करा

वर्तमानपत्रात खेळाडूची किंमत छापून येते, पण क्लबच्या हिशेबात ती किंमत एकदम पडत नाही. हस्तांतरणाचे शुल्क कराराच्या वर्षांत समान विभागून खर्ची टाकतात. याला अमॉर्टायझेशन म्हणतात, आपण सोयीसाठी त्याला हप्ता म्हणू. समजा, तुम्ही सहा कोटी पौंडांना खेळाडू घेतला आणि पाच वर्षांचा करार केला. दर वर्षी हिशेबात १ कोटी २० लाख पडतील. आठवड्याला दीड लाख पौंड पगार धरला तर वर्षाचे ७८ लाख होतात. म्हणजे हा सहा कोटींचा माणूस तुम्हाला दर वर्षी सुमारे दोन कोटींना पडतो, आणि पाच वर्षे पडत राहतो. मालक सगळे पैसे पहिल्याच दिवशी रोख मोजून देवो किंवा तीन तुकड्यांत देवो, नियमाच्या पानावर हप्ता तोच राहतो.

करार लांबवला की हप्ता लहान होतो, हे चेल्सीने फार पुढे नेले. जानेवारी २०२३ मध्ये त्यांनी मिखाइलो मुद्रिकला साडेआठ वर्षांच्या करारावर आणले. त्याच उन्हाळ्यात युएफाने हप्त्यांची कमाल मुदत पाच वर्षे केली आणि डिसेंबर २०२३ मध्ये प्रीमियर लीगच्या क्लबांनीही तसाच नियम केला. आज करार आठ वर्षांचा करता येतो, हप्ते मात्र पाचच वर्षांचे पडतात.

न फेडलेल्या हप्त्यांची बेरीज म्हणजे खेळाडूची पुस्तकी किंमत, आणि विक्रीचा नफा-तोटा या आकड्यावर ठरतो, मूळ खरेदीवर नव्हे. लिव्हरपूलने २०२२ मध्ये डार्विन नुनिएसला बेन्फिकाकडून घेतले तेव्हा सुरुवातीची रक्कम ६ कोटी ४० लाख पौंड होती आणि करार सहा वर्षांचा. तीन वर्षांनी निम्मे हप्ते फिटले होते, म्हणजे पुस्तकात सुमारे ३ कोटी २० लाख उरले होते. २०२५ च्या उन्हाळ्यात तो अल-हिलालला सुमारे ४ कोटी ६० लाखांना गेला. रस्त्यावरचा माणूस म्हणेल की दोन कोटींचे नुकसान झाले. पुस्तक म्हणते की सव्वा कोटीच्या वर फायदा झाला. मधल्या काळात द्यावे लागलेले बोनस धरले तर तो फायदा कमी होईल, पण गणिताची रीत हीच.

आता मर्यादा. प्रीमियर लीगच्या नफा व टिकाऊपणाच्या नियमांनुसार, ज्यांना सगळे पीएसआर या आद्याक्षरांनी ओळखतात, तीन हंगामांत मिळून साडेदहा कोटी पौंडांपर्यंत तोटा चालत असे, आणि तोही मालकाने भांडवल घालून भरून काढला तरच. नाहीतर मर्यादा दीड कोटीची. अकादमी, महिला संघ, समाजकार्य आणि बांधकाम यांवरचा खर्च त्यातून वगळला जाई. एव्हर्टनने ही मर्यादा १ कोटी ९५ लाखांनी ओलांडली म्हणून नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांचे दहा गुण कापले गेले; अपिलात ते सहावर आले आणि पुढच्या मुदतीच्या उल्लंघनासाठी आणखी दोन गेले. २०२६-२७ पासून मात्र इंग्लंडची पद्धतच बदलते आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये क्लबांनी मतदान करून असे ठरवले की संघावरचा खर्च, म्हणजे खेळाडू व प्रशिक्षक यांचे पगार, हप्ते आणि एजंटांचे पैसे, हा फुटबॉलमधील उत्पन्नाच्या ८५ टक्क्यांच्या आत असावा. युएफाचे प्रमाण ९० टक्क्यांवरून टप्प्याटप्प्याने ७० टक्क्यांवर आले आहे. युरोपात खेळणाऱ्या क्लबने वहीत ७० हाच आकडा लिहावा, ८५ वाचून हुरळून जाऊ नये.

एक काल्पनिक उदाहरण मांडून पाहू. क्लबचे उत्पन्न ६० कोटी पौंड. त्याचे ७० टक्के म्हणजे ४२ कोटी. पगार ३० कोटी, हप्ते ११ कोटी, एजंट २ कोटी: एकूण ४३. एक कोटी जास्त होतात. आता विक्रीतून वर्षाला सरासरी तीन कोटी नफा होत असेल, तर तो उत्पन्नात मिळवतात आणि मर्यादा ६३ कोटींच्या ७० टक्क्यांवर, म्हणजे ४४ कोटी १० लाखांवर जाते. तुम्ही नियमात बसलात. पण बारकाईने पाहा: तीन कोटींच्या नफ्याने जागा मिळाली फक्त २ कोटी १० लाखांची, आणि युएफा हा नफा तीन वर्षांच्या सरासरीने धरत असल्यामुळे एकाच मोठ्या विक्रीचा लाभही तीन वर्षांत पसरतो. याउलट पगाराचा एक कोटी कमी केला की पूर्ण एक कोटीची जागा होते. जुन्या पद्धतीत विकणारा हुशार ठरत असे. प्रमाणाच्या पद्धतीत न परवडणारा पगार वेळेत थांबवणारा हुशार ठरेल.

कोणाला सोडायचे

संघबांधणीचे सर्वांत कठीण पान हे आहे, आणि नवख्यांनी सर्वाधिक वेळ येथे द्यावा.

अकादमीत वाढलेल्या खेळाडूची पुस्तकी किंमत शून्य असते, कारण त्याच्यासाठी शुल्क दिलेलेच नसते. तो तीन कोटींना विकला की तीनही कोटी निव्वळ नफा. म्हणून पैशाचा नियम तुमच्या कानात सांगतो की घरचा मुलगा विका. जागांचा नियम त्याच वेळी सांगतो की घरचाच मुलगा ठेवा, कारण त्या चार खुर्च्या बाजारात मिळत नाहीत. ही ओढाताण हे या सगळ्या खेळाचे मर्म आहे, आणि आजवरचे बहुतेक फसलेले उन्हाळे एकाच पानावर नजर ठेवल्यामुळे फसले आहेत.

लिव्हरपूलचा २०२५ चा उन्हाळा या नजरेने पाहा. ट्रेंट अलेक्झांडर-आर्नल्ड रेआल माद्रिदला गेला, गोलरक्षक क्वीवीन केलेहर ब्रेंटफर्डला सुमारे सव्वा कोटीला गेला, बचावपटू जॅरेल क्वान्सा लेव्हरकुसेनला सुमारे तीन कोटींना गेला. पैशाच्या पानावर केलेहर आणि क्वान्सा जवळजवळ निव्वळ नफा होते. जागांच्या पानावर मात्र क्लबने घडवलेले तीन खेळाडू एका उन्हाळ्यात खोडले गेले. घरच्यांपैकी कर्टिस जोन्स आणि कॉनर ब्रॅडली ही ठळक नावे उरली. ट्रेंटचे प्रकरण तर चौथ्या रकान्याचा धडा आहे. त्याचा करार ३० जून २०२५ ला संपत होता, त्यामुळे जगातील अव्वल उजव्या बचावपटूसाठी क्लबला मिळाले ते सुमारे एक कोटी युरो, आणि तेही क्लब विश्वचषकासाठी त्याला महिनाभर आधी सोडले म्हणून. करार दोन वर्षांचा उरला की नव्या कराराची बोलणी संपलेली असावीत. एका वर्षाचा उरला की किंमत तुमच्या हातात राहत नाही.

विक्री केव्हा करायची, याचा दाखला नॉटिंगहॅम फॉरेस्टने घालून दिला आहे, आणि तो जवळून पाहण्यासारखा आहे. फॉरेस्ट २०२२ मध्ये वरच्या लीगमध्ये आले आणि त्यांनी पहिल्याच उन्हाळ्यात वीसहून अधिक खेळाडू घेतले. आधीची दोन वर्षे खालच्या लीगमध्ये गेल्यामुळे त्यांची तीन वर्षांची मर्यादा साडेदहा कोटी नव्हती, तर ६ कोटी १० लाख होती: वरच्या लीगच्या वर्षाचे साडेतीन कोटी आणि खालच्या प्रत्येक वर्षाचे १ कोटी ३० लाख. हिशेबाचे वर्ष ३० जून २०२३ ला संपत होते. त्यांच्याकडे ब्रेनन जॉन्सन होता, नॉटिंगहॅममध्येच जन्मलेला, आठव्या वर्षापासून त्यांच्या अकादमीत असलेला, ज्याचे वडीलही फॉरेस्टकडून खेळले होते. पुस्तकी किंमत शून्य. जूनमध्ये ब्रेंटफर्डने देऊ केलेली रक्कम क्लबने नाकारली आणि थांबून अधिक किंमत मिळेल असे धरले. अंदाज बरोबर निघाला: १ सप्टेंबरला तो टॉटनहॅमला सुमारे पावणेपाच कोटींना गेला. पण तोपर्यंत हिशेबाचे पान उलटून दोन महिने झाले होते. क्लबने मर्यादा ३ कोटी ४५ लाखांनी ओलांडली होती. उशिरा पण चांगल्या भावाने विकले, हे आपले शहाणपणच होते, अशी बाजू त्यांनी स्वतंत्र आयोगापुढे मांडली; ती मान्य झाली नाही आणि मार्च २०२४ मध्ये चार गुण कापले गेले. हंगामाच्या शेवटी फॉरेस्ट ३२ गुणांवर, सतराव्या स्थानी, कसेबसे लीगमध्ये टिकले. व्यापारी म्हणून त्यांचे काही चुकले नाही, असे मला अजूनही वाटते. चुकली ती तारीख. आणि जॉन्सनने २०२५ च्या मे महिन्यात बिल्बाओला युरोपा लीगच्या अंतिम सामन्यात टॉटनहॅमचा विजयी गोल केला, तेव्हा नॉटिंगहॅममध्ये काय वाटले असेल ते सांगायला नको.

२०२४ च्या जूनच्या अखेरीस याच भीतीने बाजारात झुंबड उडाली. न्यूकॅसलने दोन दिवसांत यांकुबा मिंटे ब्रायटनला आणि एलियट अँडरसन फॉरेस्टला विकला. मिंटे हा त्यांच्याकडून एकही सामना न खेळता वर्षभर फेयेनूर्डला उसना दिलेला मुलगा. त्याची विक्री हा निखळ चांगला धंदा होता. अँडरसन टाइनसाइडचा, क्लबने घडवलेला, आणि लवकरच इंग्लंडच्या राष्ट्रीय संघात पोहोचलेला. ती विक्री पैशाच्या पानावर साडेतीन कोटींची आणि जागांच्या पानावर एका खुर्चीची होती. त्याच दिवसांत अ‍ॅस्टन व्हिला, चेल्सी आणि एव्हर्टन यांनी एकमेकांच्या अकादमीतले तरुण घेतले-दिले. विकणाऱ्याला पूर्ण नफा आजच दिसतो आणि घेणाऱ्याचा खर्च पाच हप्त्यांत पसरतो, म्हणून दोघांचाही जून सुटतो. हे नियमबाह्य नाही. पण ही उसनवारी आहे, कारण नफा एकदाच येतो आणि हप्ते पाच वर्षे येतात. तीन कोटींच्या एका विक्रीवर पंधरा कोटींची खरेदी या वर्षी बसते खरी, पुढच्या वर्षीच्या तीन कोटींसाठी दुसरा मुलगा शोधावा लागतो.

म्हणून सोडण्याच्या यादीत आधी ती नावे घाला, जी दोन्ही पानांवर हलकी आहेत: होमग्रोन नसलेला, एकविशीच्या वरचा, हप्ते बरेच फिटलेला आणि पगार मोठा असलेला खेळाडू. पगाराची बाब सोडली, तर लिव्हरपूलचा लुईस डियास हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. तो २०२२ च्या जानेवारीत पोर्टोकडून सुमारे पावणेचार कोटींना आला, साडेतीन वर्षे उत्तम खेळला आणि बायर्न म्युनिकला सुमारे साडेसहा कोटींना गेला. नफाही झाला, परदेशी जागाही मोकळी झाली. घरच्या मुलाकडे हात शेवटी न्यावा, आणि न्यायचाच असेल तर त्याच्या मागे अकादमीत दुसरा उभा आहे का, ते पाहून न्यावा. मँचेस्टर युनायटेडने २०२४ मध्ये स्कॉट मॅकटॉमिनेला सुमारे अडीच कोटींना नापोलीला दिले. पुस्तकात तो निव्वळ नफा होता. मैदानात तो पुढच्याच हंगामात इटलीचा विजेता आणि तेथील लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

उसने देणे हा विक्रीचा पर्याय आहे असे नवख्यांना वाटते. यादीतली जागा मोकळी होते, हे खरे. पण हप्ता तुमच्याच पुस्तकात पडत राहतो, आणि समोरच्याने पूर्ण पगार उचलला नाही तर त्याचा तुकडाही.

मग घ्यायला निघा

आता कोठे बाजार. येथे थोडक्यात सांगतो, कारण पहिली पाने नीट भरली असतील तर खरेदीचे पर्याय आपोआप कमी होतात. प्रत्येक नावासाठी वर्षाचा एकूण खर्च लिहा, म्हणजे हप्ता, पगार आणि एजंटाचा वाटा, आणि त्यापुढे तो कोणती जागा खातो ते लिहा. होमग्रोन खेळाडूला बाजारात दहा-वीस टक्के जादा मोजावे लागले म्हणून त्याला महाग म्हणू नका. ती जादा रक्कम परदेशी जागेचे भाडे आहे. गेहीचा जन्म आयव्हरी कोस्टमधला, पण तो चेल्सीच्या अकादमीत वाढला. लिव्हरपूलला तो हवा होता यामागे बचावातील गरज होतीच, शिवाय तो परदेशी जागा खाणार नव्हता.

करार संपलेला खेळाडू 'फुकट' मिळतो, या भ्रमातही राहू नका. हप्ता नसतो, पण वाचलेले शुल्क खेळाडू सही करताना आणि पगारात वसूल करतो, आणि ७० टक्क्यांच्या हिशेबात पगाराला कोठेही लपता येत नाही. तिशी ओलांडलेल्याला चार वर्षांचा मोठा पगार दिला, तर तिसऱ्या वर्षी त्याला घेणारे कोणी नसते.

आहे त्या खेळाडूचा करार वाढवणे ही सर्वांत दुर्लक्षित खरेदी आहे. पुस्तकात २ कोटी ४० लाख आणि दोन वर्षे उरली असतील, तर वर्षाचा हप्ता १ कोटी २० लाख असतो. करार आणखी तीन वर्षांनी वाढवला की तीच रक्कम पाच वर्षांत विभागते आणि हप्ता ४८ लाखांवर येतो. पगार थोडा वाढला तरी जागा होते, आणि विक्रीची किंमतही हातात राहते.

तारखांचे पान

शेवटचे पान भिंतीवर लावा. बहुतेक क्लबांचे हिशेबाचे वर्ष ३० जूनला संपते. विक्रीचा निर्णय मेमध्ये झाला पाहिजे, कारण जूनच्या शेवटच्या आठवड्यात समोरच्यालाही तुमची घाई ठाऊक असते. युएफा संघखर्चाचे प्रमाण जानेवारी ते डिसेंबर अशा वर्षावर मोजते, तेव्हा ३१ डिसेंबर ही दुसरी रेघ आखा. विंडो बंद झाल्यावर प्रीमियर लीगची २५ जणांची यादी जाते आणि जानेवारीच्या विंडोनंतर ती बदलता येते. युएफाची यादी सप्टेंबरच्या सुरुवातीला जाते, आणि लीग टप्पा संपल्यावर बाद फेरीसाठी जास्तीत जास्त तीन नवी नावे घालता येतात. सप्टेंबरमध्ये बाहेर बसलेल्या खेळाडूशी बोलताना हा आकडा त्याला खरा सांगा, कारण जानेवारीत तुम्ही तिघांना विकत घेतलेत, तर त्याची जागा फेब्रुवारीतही नसेल.

यादी पाठवली की वहीत पेन्सिलने पुढच्या उन्हाळ्याचे पान उघडा आणि चौथ्या रकान्यातील, ज्यांचे करार दोन वर्षांनी संपतात, ती नावे तेथे उतरवून घ्या.